घरचे मासे आणि त्यांचे पाणी



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस आमंत्रण दिले, तेव्हा आम्ही बोनसवर किंवा कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही विषय कळविला तेव्हा चिटणीसांनी दोनदा विचारून घेतले, "मासे म्हणजे पाळण्याचे ना?" होय, पाळण्याचे. खाण्याच्या माशांवर बोलण्याचा अधिकार कोकणातल्या मंडळींचा आहे, आणि दुसऱ्याच्या हक्कावर आक्रमण करण्याची आमची रीत नाही.

आमचे फिरणे कामगारवस्तीत. दहा बाय बाराच्या खोलीत कुत्रे मावत नाही, मांजर शेजारणीच्या दुधात तोंड घालते, आणि आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवण्यास कायद्याची मनाई आहे. राहता राहिला मासा. तो आवाज करीत नाही, घरमालकाला त्याची हरकत नसते, आणि दिवसभर उंडारणारे पोर संध्याकाळी त्याच्यासमोर तासभर मुकाट बसते. म्हणून दिवाळीच्या बोनसमधून एखादी दोन फुटी काचपेटी घरात येते. परंतु पुढच्या दिवाळीला त्याच घरी फराळाला जावे, तो ती पेटी माळ्यावर गेलेली असते, किंवा तिच्यात कांदे-बटाटे भरलेले असतात. या रिकाम्या पेटीची चौकशी करणे हा आमचा आजचा विषय.

चौकशी हा शब्द आम्ही जाणून वापरतो. कारखान्यात अपघात झाला की पहिला अहवाल कामगाराच्या निष्काळजीपणाचा असतो, आणि घरच्या बायामाणसांच्या तोंडी नशिबाचा. टाकी साफ करण्यास आत उतरलेला माणूस गुदमरून वर आला, तर आत उतरण्यापूर्वी तिथली हवा कोणी तपासली होती, हा साधा प्रश्न विचारण्यास युनियन लागते. माशांच्या बाबतीतही हेच चालते. मासा मेला की 'नजर लागली', 'आम्हाला मासे लाभत नाहीत', आणि मासा महागाचा असेल तर 'घरावरचे संकट त्याने स्वतःवर घेतले'. अरोवाना आणि फ्लॉवरहॉर्न या माशांभोवती तर या समजुतीचा मोठा बाजार उभा राहिला आहे. ज्या फ्लॉवरहॉर्नची जातच १९९०च्या दशकात मलेशियातल्या पैदासकारांनी संकर करून तयार केली, त्याची महती कोणत्या प्राचीन शास्त्रात सापडणार? पण संकट टळले म्हणून घरचे लोक समाधान मानतात, पाणी कोणी तपासत नाही, आणि पुढच्या रविवारी दुसरा मासा आणतात. विकणाऱ्याला ही समजूत मुळीच अडचणीची नाही.

आमच्या युनियनमधल्या एका टर्नरने अशीच पेटी घेतली होती. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. म्हणजे काठोकाठ भरली तर सुमारे छप्पन लिटर पाणी. त्याच दिवशी त्याच दुकानातून त्याने दहा मासे घेतले. आठव्या दिवशी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू लागले. दुकानदाराने निळे औषध दिले. दोन मासे मेले. मग पिवळे औषध दिले. आणखी तीन मेले. तिसऱ्या खेपेस औषधांचे बिल माशांच्या किमतीपेक्षा मोठे झाले, आणि त्याची दुसरीत शिकणारी मुलगी शाळेतून आली की आधी पेटीशी जाऊन बोटावर मोजू लागली. आम्ही त्याच्या घरी गेलो तेव्हा पाणी दिसायला स्फटिकासारखे होते. बाजारात थेंब टाकून पाणी तपासण्याची साधी पेटी मिळते. ती आणून नळीत थेंब टाकले, तो नळीतले पाणी हिरवेगार झाले. म्हणजे अमोनिया. औषधांच्या तीन बाटल्या झाल्या, पण त्या माशांना आजार कोणताच नव्हता. ते स्वतःच्या मुताऱ्यात कोंडलेले होते.

अमोनिया आपणांस अपरिचित नाही. नवसागर आणि चुना एकत्र चोळला असता जो झणका नाकात जातो तो अमोनिया. सार्वजनिक मुतारीत डोळ्यांतून पाणी काढतो तोही तोच. मासा आपल्या शरीरातला हा मळ मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. उरलेले अन्न आणि विष्ठा कुजूनही तो तयार होतो. नदीत, तळ्यात पाणी अफाट, म्हणून तो विरून जातो. छप्पन लिटरांत तो कुठे विरणार? शिवाय पाणी जितके क्षारधर्मी आणि जितके उष्ण, तितका त्यातला विषारी भाग अधिक. पाण्याचा पीएच सातावरून आठावर गेला की हा विषारी भाग सुमारे दहापट होतो. म्हणून तेवढाच अमोनिया एकाच्या घरी मासे सोसतात, आणि दुसऱ्याच्या घरी मरतात. यात नजर कोठे आली?

मग जगातल्या सगळ्याच काचपेट्यांतले मासे का मरत नाहीत? कारण जुन्या पेटीत हा मैला उपसणारे कामगार असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. पेटीतल्या वाळूच्या कणांवर, गाळणीच्या स्पंजात, काचेवरच्या बुळबुळीत थरात त्यांची वस्ती. एक टोळी अमोनियाचे नायट्राइट करते, दुसरी त्या नायट्राइटचे नायट्रेट करते. नायट्राइटही विषच, ते माशाच्या रक्तातल्या तांबड्या द्रव्याला निकामी करते, रक्त तपकिरी पडते आणि भरपूर हवेच्या पाण्यातही मासा गुदमरतो. नायट्रेट मात्र बरेच सौम्य. ते झाडांचे खत आहे. काचपेटीतून काढलेले पाणी तुळशीला घातले तर ती तरारते ती त्यामुळे.

या जंतूंची विद्या फार जुनी नाही. रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनज्ञाने १८५० साली एका भांड्यात गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवून पाणी न बदलता ते कसे टिकतात याचे टिपण प्रसिद्ध केले. काचपेटीच्या छंदाचा पाया तो. पण खरे कामगार त्यालाही दिसले नव्हते. १८९०च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने झुरिचमध्ये ते वेगळे काढून दाखविले. पुढे शंभरएक वर्षे नायट्राइट उपसण्याचे श्रेय नायट्रोबॅक्टर नावाच्या जंतूला दिले जात असे. १९९८ साली गोड्या पाण्याच्या काचपेट्या तपासल्या, तो ते काम नायट्रोस्पायरा नावाचा दुसराच जंतू करताना आढळला. हजेरीपटावर नाव एकाचे, घाम दुसऱ्याचा! हा प्रकार आम्ही इतक्या कारखान्यांत पाहिला आहे, की शास्त्राच्या पुस्तकात तो वाचताना आम्हांस नवल वाटले नाही. २०१५ साली तर दोन्ही पाळ्यांचे काम एकटाच उरकणारा नायट्रोस्पायराही सापडला.

आता टर्नरच्या पेटीत काय झाले ते पाहा. पेटी नवी, वाळू नवी, स्पंज नवा. कामगार एकही नाही, आणि दहा माशांचा मैला पहिल्या दिवसापासून सुरू. हे जंतू मंद वाढतात. दुधात विरजण लागते तसे रात्रीत होत नाही. साधे जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात, तर यांना दुप्पट व्हावयास एखादा दिवस तरी लागतो. पुरती वस्ती बसण्यास चार ते सहा आठवडे जातात. पहिल्या महिन्यात जे मासे मरतात ते बहुतेक या मुदतीतले बळी. उपाय स्वस्त आहे, पण तो दुकानात मिळत नाही, कारण तो धीराचा आहे. पहिल्या दिवशी दहा नव्हे, दोनच मासे आणावेत, तेही काटक. अन्न चिमटीच्या टोकाइतके घालावे. दर दोन दिवसांनी पाव हिस्सा पाणी बदलावे. ज्याच्या घरी वर्षभराची निरोगी पेटी असेल त्याच्याकडून वापरलेल्या स्पंजाचा तुकडा मागून आणून आपल्या गाळणीत ठेवला तर काम पुष्कळ लवकर होते. विरजण शेजारून आणण्यात आपणांस कधी कमीपणा वाटला नाही, हेही विरजणच. या काळात नायट्राइट वाढलेले आढळले तर दहा लिटर पाण्यास एक ग्रॅम साधे मीठ घालावे. मिठातले क्लोराइड कल्ल्यांच्या दारात नायट्राइटला अडवते.

स्वच्छतेच्या अतिरेकाने तर याहूनही अधिक मासे मारले आहेत, असे आमचे मत आहे. रविवारी सकाळी घरधनी बाह्या सरसावतो. सगळे मासे बादलीत, सगळे पाणी मोरीत. वाळू नळाखाली खळखळून, स्पंज साबणाने पिळून, काच चकचकीत. संध्याकाळी पेटी नव्यासारखी दिसते, आणि ती खरोखरीच नवी झालेली असते. महिनोन् महिने जमलेली कामगारांची वस्ती एका सकाळी उठविलेली असते. पुढच्या गुरुवारी मासे मरतात, तेव्हा रविवारची आठवण कोणालाच होत नाही. योग्य रीत अशी, की आठवड्यातून एकदा पाव हिस्सा पाणी तळाच्या घाणीसकट नळीने ओढून काढावे, आणि स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात दोनदा हलकेच पिळून परत लावावा. तो मळकट दिसेल. दिसू द्या. उन्हाळ्यात पाणी आटले म्हणून वरून भर घालणे आणि पाणी बदलणे यांतही फरक आहे. आटताना फक्त पाणी उडते, क्षार व मळ आतच राहतो.

नवे पाणी कोणते घालावे? नळाच्या पाण्यात आपल्या आरोग्यासाठी क्लोरीन घातलेला असतो, आणि पावसाळ्यात तो बहुधा वाढवितात. आपणांस तो तारक, माशाच्या कल्ल्यांना आणि आपल्या त्या कामगारांना मारक. उघड्या बादलीत पाणी एक दिवस ठेवले, मधून ढवळले, की क्लोरीन उडून जातो. ज्यांना तेवढी सवड नाही त्यांनी सोडियम थायोसल्फेटचे खडे वापरावेत; ते क्लोरीन तत्काळ मारतात. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण ते बहुधा जड असते. गप्पी, मॉली यांना ते मानवते. निऑन टेट्रासारख्या मऊ पाण्याच्या माशांना मानवत नाही. आपल्या नळाला जे येते त्याला मानवेल तो मासा निवडावा. माशासाठी पाणी बदलू पाहणारे दमतात.

येथे पिशवीबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती पुष्कळांस ठाऊक नसते. आपल्या बाजारातले कितीतरी मासे चेन्नईच्या कोळत्तूर भागातून आणि पश्चिम बंगालमधून येतात. त्यांना आधी उपाशी ठेवतात, पिशवीत थोडे पाणी आणि वर प्राणवायू भरून बांधतात, आणि तो मासा दीड-दोन दिवस प्रवास करतो. बंद पिशवीत त्याच्या श्वासाने कर्बवायू साठतो; त्याने पाणी आम्लाकडे झुकते, आणि साठलेल्या अमोनियाचा विषारीपणा दबून राहतो. पिशवी उघडली की कर्बवायू उडतो, पाणी पुन्हा क्षाराकडे वळते, आणि दबलेले विष जागे होते. म्हणून लांबून आलेली पिशवी बंद असतानाच पंधरा-वीस मिनिटे पेटीत तरंगत ठेवून उष्णता सारखी करावी, आणि उघडल्यावर रेंगाळू नये. पिशवीतले पाणी तर पेटीत मुळीच ओतू नये. मासा जाळीने उचलून सोडावा. पिशव्या भरणारी मुले रोजंदारीवर पहाटेपासून गार पाण्यात हात घालून उभी असतात, त्यांच्याबद्दल वेगळे व्याख्यान द्यावे लागेल.

आता खरे आजार. सर्वांत परिचित आजार पांढऱ्या ठिपक्यांचा. माशाच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे दिसते. तो एक परजीवी आहे, आणि त्याची कावेबाज रीत समजल्याखेरीज त्याच्याशी लढता येत नाही. ठिपका म्हणजे माशाच्या कातडीखाली बसून पोसला जाणारा जीव. तेथे त्याला औषध पोचत नाही. पोट भरले की तो गळून तळाशी पडतो, कवच करतो, आणि आत फुटून एकाचे शेकडो होतो. ते शेकडो पिलावळीने पाण्यात सुटतात आणि एक-दोन दिवसांत मासा न सापडल्यास मरतात. औषध लागू पडते ते फक्त या पोहणाऱ्या अवस्थेत. आता घरोघर काय होते? औषध घातले, तिसऱ्या दिवशी ठिपके गेले, बाटली फडताळात ठेवली. ठिपके गेले होते ते गळून पडले म्हणून! आठवड्याने ते दसपटीने परत येतात, आणि मग औषधाला शिव्या पडतात. ठिपके दिसेनासे झाल्यावरही निदान आठवडाभर उपचार चालू ठेवला पाहिजे. पाण्याची उष्णता हळूहळू तीस अंशांवर नेली तर हा फेरा लवकर फिरतो; सोबत लिटरला एक-दोन ग्रॅम मीठ दोन आठवडे ठेवले तर पुष्कळदा दुसरे औषध लागतही नाही. मात्र ऊब वाढली की पाण्यातला प्राणवायू कमी होतो, तेव्हा हवेचा पंप जोराने चालू हवा. पाणवनस्पती आणि बिनखवल्यांचे मासे मीठ फारसे सोसत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

निळे औषध म्हणजे मेथिलीन ब्लू. ते वाईट नाही. पण ते मुख्य पेटीत ओतले की आपले मैला उपसणारे कामगारही त्यात मरतात. जीवाणुनाशक औषधांचेही तेच होऊ शकते. म्हणून आजारी मासा वेगळ्या बादलीत किंवा लहान पेटीत घेऊन तेथे उपचार करावा. शेपटी झडते, पंख कुरतडल्यासारखे होतात, अंगावर कापूस धरतो, यांपैकी बहुतेक तक्रारी घाण पाण्याने अशक्त झालेल्या माशाला होतात. अशा वेळी आधी पाणी तपासावे आणि मग बाटलीला हात घालावा. एका आजारापुढे मात्र आपले फारसे चालत नाही: पोट फुगून खवले उभे राहतात तो. त्या अवस्थेतून मासा क्वचितच परततो, आणि त्यासाठी पैसे घेणाऱ्याला आम्ही प्रामाणिक समजत नाही.

अन्नाविषयी दोन वाक्ये पुरेत. दोन मिनिटांत संपेल तेवढे घालावे. आठवड्यातून एक दिवस उपास घडविला तर उत्तमच, आणि आपल्याकडे उपासाचे दिवस शोधावे लागत नाहीत. पाहुण्यांची मुले आली की डबा उंच ठेवावा.

गोल भांड्यातला गोल्डफिश हा अनेकांच्या मनात बसलेला देखावा आहे. तो मनातून काढावा. हा मासा कार्पच्या कुळातला. चीनमधल्या लोकांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी तळ्यांतून निवडून तो घडविला. तो वितीएवढा वाढतो, भरपूर खातो, भरपूर मैला करतो. गोल भांड्यात पाणी थोडे, गाळणीला जागा नाही, आणि काठोकाठ भरले की तोंडाशी हवेला भिडणारा पृष्ठभाग रुपयाएवढा. इटलीतल्या मोंझा शहराने २००४ साली अशा भांड्यांत मासे ठेवण्यास मनाई केली. लोक म्हणतात, गोल्डफिश वर्षभरच जगतो. इंग्लंडात १९५६ साली एका मुलाला जत्रेत बक्षीस मिळालेला 'टिश' नावाचा गोल्डफिश १९९९ साली मेला; त्रेचाळीस वर्षे. आमच्या कारखान्यांत इतकी नोकरी कोणाची होत नाही. फायटर मासा कपात जगतो, हेही अर्धेच खरे. त्याला हवेतून श्वास घेण्याचे जादा इंद्रिय आहे, म्हणून तो तेथे तग धरतो. अमोनिया त्यालाही इतरांसारखाच जाळतो.

काच साफ करण्यासाठी म्हणून जो काळा, चिवट 'सकर' मासा विकतात, त्याच्याविषयी आमची तक्रार आहे. दोन इंचांचा घेतलेला तो वर्षा-दोन वर्षांत फूटभर होतो आणि पेटीत मावेनासा होतो. मारणे जिवावर येते, म्हणून मंडळी पुण्य समजून त्याला नदीत, तलावात सोडतात. दक्षिण अमेरिकेतला हा मासा अशाच वाटांनी आंध्रातल्या तळ्यांत शिरला आहे. गंगेतही सापडला आहे. अंगावर काटेरी चिलखत. जाळ्यात अडकला की जाळे फाडतो, आणि बाजारात त्याला कोणी विचारीत नाही. जाळे ज्याचे फाटते तो मच्छीमार सहकारी सोसायटीचा सभासद असतो, त्याच्या डोक्यावर जाळ्याचे कर्ज असते. आपल्या दिवाणखान्यातल्या दयेचा हप्ता त्याने का भरावा? नको असलेला मासा दुकानदाराला परत द्यावा किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्यावा. नदीत मात्र कोणताही मासा सोडू नये.

शेवटी, दिवस एप्रिलचे आहेत म्हणून, वीज आणि उन्हाळा. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तीस अंशांना तो साडेसातावर येतो, आणि माशाची गरज तर उन्हाने वाढलेली असते. दुपारी पेटीवरचा दिवा बंद ठेवावा, झाकण उघडून वरून पंख्याचा वारा घ्यावा. फार झाले तर बर्फ झालेली पाण्याची बंद बाटली तरंगत सोडावी, पण एका तासात दोन अंशांपेक्षा अधिक उतार नको. वीज गेली की गाळणी थांबते, आणि स्पंजातले ते कामगार हवेवाचून माशांच्याही आधी गुदमरू लागतात. बरेच तास गेले असतील तर वीज आल्यावर गाळणी सुरू करण्यापूर्वी स्पंज पेटीतल्याच थोड्या पाण्यात हलवून ते पाणी टाकून द्यावे, नाहीतर आत कुजलेले सारे पेटीत उतरते. बॅटरीवर चालणारा लहान पंप मिळतो, तो घ्यावा. तो नसेल त्या घरी वाटीने पाणी उचलून वीतभर उंचीवरून परत सोडीत राहावे, दर दहा मिनिटांनी वीस-पंचवीस वाट्या. रात्रभर वीज नसेल तर घरातल्या मंडळींनी पाळ्या लावाव्यात. टर्नरच्या घरी गेल्या मे महिन्यात तसे केले. पहिली पाळी मुलीची, दहापर्यंत, मग आईची, आणि टर्नर दुसऱ्या पाळीहून घरी आला की पहाटेपर्यंत त्याची.